पुकारा

एकतीस वर्षं उदगीरच्या कोर्टात मी नावं ओरडली.
एकेक नाव तीनदा.
दाराच्या आत काय चाललंय ते मला अर्धं कळायचं,
बाहेरचं पुरतं.

बाहेर लिंबाखाली मासूमभाईचं हॉटेल.
तिथं निकाल लवकर लागायचा,
बशीतला चहा निवायच्या आत.

काशीनाथ क्लॅरोनेटवाला तर पहिल्या पेशीलाच
तिथं निर्दोष सुटला.
कुणाच्या लग्नात वाजवलं नव्हतं त्यानं?
बहिणीला मारणाऱ्या दाजीच्या डोक्यात
मुसळ घातलं म्हणे.
"बरं केलं," पंक्चरवाला म्हणाला.
"मी असतो तर दोन घातली असती," असं म्हणणाऱ्याची बायको
गेल्या पोळ्यापासून माहेरी होती,
अंगावरचे वळ घेऊन.

पोलिसाच्या हाताला बांधलेला काशीनाथ
खाली मान घालून यायचा.
बाया डबे आणायच्या, धपाटे, दह्याचं गाडगं.
त्याच्या माणसांकडून मासूमभाई
चहाचे पैसे घेत नव्हता.
मीही घेतले नसते.

एकदा लाईट गेली,
जज्जसाहेब वऱ्हांड्यात येऊन उभे राहिले.
म्हणाले, "नागनाथ, पूर्वी मुंबईकडं ज्यूरी असायची.
दुकानदार, कारकून, अशी साधी माणसं बाकावर बसवायचे."
"कायदा यायचा का त्यांना, साहेब?"
"नाही. म्हणून तर बसवायचे."
पंखा फिरेना म्हणून फाईलनं वारा घेत होते.
मग म्हणाले, "फक्त एक होतं.
दोन्हीकडचं ऐकून होईपर्यंत
त्यांना चहाला उठता येत नव्हतं."

भिंतीकडंला एक म्हातारी बसायची, उन्हात.
लिंबाखाली तिला कुणी सरकून जागा दिली नाही.
कुणी हाकललंही नाही, खरं सांगायचं तर.
मेलेल्या उद्धवची आई.
केवळाबाई मसाजी, राहणार हंडरगुळी,
हाजीर हो ऽऽ

तिसऱ्या तारखेला माझ्यापुढं येऊन थांबली.
"दादा, त्याचं नाव तुमी
घरच्या लेकरावानी घेताव.
माजं घेताव दगड मारल्यावानी."
मी म्हटलं, सरकारी आवाज आहे, माय.
ती आत गेली.
त्या दुपारी माझ्याच कानांनी मला ऐकलं:
का शी ना थ, अगदी हळू,
जसं काही तो झोपलाय.

साक्षीत तिला म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा.
तिनं तेवढंच सांगितलं.
संशयाचा फायदा देऊन काशीनाथ सुटला.
गेटपाशी त्याचीच पार्टी वाजली,
मीही पेढा खाल्ला.

पुढच्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी,
केवळाबाई भिंतीकडंला.
"आज पुकारा न्हाई?"
संपलं, माय. कधीच संपलं.
"पर माजं सांगायचं ऱ्हायलंय की."

मासूमभाईनं बाकडं पुसलं.
बारा माणसं कुठून आणायची?
मी होतो, तो होता,
आणि नोटीस बोर्डावरचा कागद खाणारी
कुणाची तरी शेळी.

ती सांगत बसली.
उद्धव मारायचा. तिला ठाऊक होतं.
सुनेच्या पाठीला तीच हळद लावायची,
आणि गप बसायची.
रात्री तोच पोरगा हिचे पाय दाबायचा,
डाव्या पायाची करंगळी आधी.
"त्येच्यासाठी का ह्येच्यासाठी रडावं,
तेवढं कुणी इचारलं न्हाई."
मधेच ती दुसऱ्याच एका वर्षात गेली,
कुठल्याशा वासराबद्दल बोलली, परत आली.
चूल विझली. गिऱ्हाईक येऊन गेलं.
आम्ही उठलो नाही.

मग तिनं विचारलं, "तुमचं काय म्हननं?"

मासूमभाई पातेल्यात बघत राहिला.
माझा गळा, एकतीस वर्षं वापरलेला,
त्यातून काही निघेना.

तिनं कनवटीची गाठ सोडली.
"राहू दे, माय," मासूमभाई म्हणाला.
"राहू दे कसं?
फुकट पिनारे तिकडचे."
बाकड्यावर पाच रुपये ठेवले,
आणि सुटे परत मिळेपर्यंत
उभी राहिली.